दोन फुटांवरून

औषधांच्या दुकानात ती रांगेत तिसरी होती, आणि समोरच्या भिंतीवर टांगलेल्या टीव्हीत तिचे बाबा बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, कॉलरला चिकटवलेला इवलासा माइक. हातांचं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. चाळीस वर्षं गवत कापायच्या यंत्राची मूठ धरलेले ते हात मांडीवर उपडे पडले होते. खालच्या लाल पट्टीवर तिचं नाव सरकत होतं आणि नावामागून प्रश्न येत होता: दोन मेजर जिंकल्यानंतर पुढे काय? गोल्फमध्ये वर्षातून ज्या चार-पाच स्पर्धांना मेजर म्हणतात, त्यांतल्या दोन तिनं एकाच मोसमात जिंकल्या होत्या. त्याला आता सोळा महिने झाले होते, आणि या सोळा महिन्यांत तिनं काहीही जिंकलं नव्हतं. बाबांच्या शेजारी एक जाणकार बसला होता. हा गृहस्थ स्वतः खेळायचा तेव्हा बहुतेक स्पर्धांतून निम्म्यावरच बाद होऊन शुक्रवारीच बॅग भरून घरी जायचा, आणि आता तो पडद्यावर एक उतरती रेघ दाखवत सांगत होता की दोन मेजर जिंकलेल्या शंभर जणींतल्या एकतीसच तिसरी जिंकतात, आणि या खेळाडूच्या खेळात अलीकडे भूक दिसत नाही. भूक! मग निवेदिकेनं बाबांकडे मान वळवली आणि बाबा, जे घरात मीठ मागायलाही दोनदा विचार करतात ते बाबा, खणखणीत आवाजात म्हणाले, "अजून पाच तरी जिंकेल. लिहून घ्या माझ्याकडून. आणि पुढच्या आठवड्यात ती उतरतेय. आज सकाळीच नाव पक्कं केलंय मी." तिच्या पुढे उभा असलेला माणूस खोकल्याचं औषध पिशवीत टाकता टाकता दुकानदाराला म्हणाला, "बापच बोलतोय सगळं. पोरगी कुठाय?" पोरगी त्याच्या मागे हातभर अंतरावर उभी होती. टोपी नसली की तिला कुणी ओळखत नसे.

"बाई, चिठ्ठी?" दुकानदार म्हणाला. तिनं चिठ्ठी दिली. तिच्यावर जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या, म्हणजे काहीच लिहिलेलं नव्हतं. याच इमारतीच्या सातव्या मजल्यावर पंधरा मिनिटांपूर्वी डॉक्टरांनी तिच्याकडून कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढून घेतलं होतं, पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला धरायला लावला होता, सुईत दोरा ओवायला लावला होता. एक थेंब सांडला नाही. दोरा पहिल्या झटक्यात गेला. "हात उत्तम आहे तुमचा," डॉक्टर म्हणाले, जणू ही आनंदाची बातमी होती. "बिघाड फक्त त्या एका कामापुरता आहे. असं होतं. वाद्य वाजवणाऱ्यांना होतं, लिहिणाऱ्यांना होतं." कधी बरं होईल, हे तिनं विचारलं. "सांगता येत नाही. काही जण परत येतात. बरेच नाही येत. पकड बदलून बघा, विश्रांती घेऊन बघा." आणि मग चष्मा काढून, अगदी आपुलकीनं, "बरं, पुढचं काय ठरवलंय तुम्ही?" ज्याला सोळा महिन्यांच्या दुखण्यावर औषध देता येत नाही, त्यालाही तिचं पुढचं हवं होतं. शिवाय निघताना त्यांनी भाचीसाठी सही मागितली. ती सहीही न थरथरता झाली, आणि तेव्हाच तिला पहिल्यांदा कुणाच्यातरी कानाखाली वाजवावीशी वाटली.

रस्त्यावर आली तेव्हा सव्वातीन झाले होते. आज पाचपर्यंत नाव काढता येणार होतं. पाच वाजता यादी छापायला जाते. त्याआधी नाव काढलं तर प्रतीक्षायादीतली पुढची खेळाडू तुमच्या जागी येते. पाचनंतर काढलं तर ती जागा रिकामीच जाते, आणि सगळे म्हणतात, पळ काढला. गेले तीन दिवस ती मनाशी घोकत होती की डॉक्टर काय म्हणतात ते बघू आणि मग आपणच फोन करू. पण ती पंधरा वर्षांची असताना स्पर्धेच्या कागदांवर तिचा प्रतिनिधी म्हणून बाबांचं नाव लागलं होतं आणि ते आजतागायत तसंच होतं. तेहतीस वर्षांची बाई, दोन मेजर नावावर, आणि आपण पुढच्या आठवड्यात कुठे असणार हे तिला खोकल्याच्या औषधाच्या रांगेत कळत होतं. फोन करून बाबांना झापावं असं तिला वाटलं. पण फोनवर बाबा नुसतं "हं, हं" करतात, आणि हं-हंवर माणसाला भांडता येत नाही. ती बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. स्टॉपच्या काचेत तिचाच फोटो होता, घड्याळाच्या जाहिरातीतला. दुसऱ्या मेजरचा शेवटचा क्षण: दोन्ही हात वर, तोंड उघडं, डोळे ताणलेले. खाली लिहिलं होतं, आनंद वेळेवर येतो. शेजारी एक बाई आपल्या मुलीच्या वेणीची निसटलेली रिबीन बांधत होती. तिनं फोटोकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि परत रिबिनीकडे वळली.

तो आनंद नव्हता. हे जगात तिला एकटीला माहीत होतं, आणि बसमध्ये खिडकीशी बसल्यावर पुन्हा एकदा ते तिच्या डोळ्यांपुढे आलं. शेवटचं होल, जिंकायला एक फटका, चेंडू भोकापासून दोन फुटांवर. दोन फूट म्हणजे काय, तर जेवणाच्या टेबलाची रुंदी. मीठ सरकवावं तेवढं अंतर. असले फटके तिनं आयुष्यात लाखभर मारले असतील. ती चेंडूशी उभी राहिली, पटर, म्हणजे भोकाजवळचे फटके मारायची काठी, मागे नेला, आणि पुढे आणताना तिचा उजवा अंगठा आपण होऊन उडाला. झोप लागता लागता पाय दचकतो ना, तसा. चेंडू वाकडा गेला, भोकाच्या कडेला लागला, कडेकडेनं अख्खी फेरी मारून आला आणि मग, काय मनात आलं कोण जाणे, आत पडला. हजारो माणसं ओरडली. तिनं हात वर केले कारण ते खाली ठेवायची तिला भीती वाटली. ते उघडं तोंड भीतीचं होतं, आणि त्याच तोंडावर आता घड्याळं खपत होती. त्यानंतर तो झटका येत राहिला. रोज नाही, प्रत्येक वेळी नाही, तेवढंही इमान त्याच्यात नव्हतं. वीस फुटांवरून हात शांत. पाच फुटांवरून शांत. तीन फुटांच्या आत आलं की अंगठ्यात कुणीतरी जागं व्हायचं. या दुखण्याला खेळाडूंमध्ये एक नाव आहे, पण ते कुणी उच्चारत नाही; कपडे बदलायच्या खोलीत कुणी चुकून बोललंच तर बाकीच्या उठून बाहेर जातात. म्हणून तिनंही कुणाला सांगितलं नाही. तिनं एक युक्ती काढली, आणि आता विचार केला तर त्या युक्तीचीच तिला सगळ्यात जास्त चीड येत होती. लांबचा फटका मारताना ती चेंडू भोकाच्या फार जवळ जाऊच देत नसे. मुद्दाम पाच फूट अलीकडे ठेवायची, कारण पाच फुटांवरून हात तिचा असायचा. जगातल्या सगळ्या खेळाडू चेंडू भोकाजवळ नेण्यासाठी जिवाचं रान करतात आणि ही बया तो दूर राखण्यासाठी घाम गाळत होती. पाच फुटांवरून दहातले सात-आठ पडतात, सगळे पडत नाहीत. राहिलेले दोन-तीन म्हणजे ती उतरती रेघ. आणि तो शुक्रवारी घरी जाणारा शहाणा त्याला म्हणतो, भूक नाही!

बस पुलावरून खाली उतरली. तिच्या पुढच्या सीटवर कॉलेजातली दोन मुलं कुणाच्या तरी नोकरीबद्दल बोलत होती. पुढे स्कोप आहे, पुढे स्कोप नाही. पुढे, पुढे. सोळा महिने तिला प्रत्येकानं हाच एक शब्द फेकून मारला होता. मॅनेजरला पुढच्या तीन वर्षांचा आराखडा हवा होता. आईला, पुढे घरबिर काही करणार आहेस का, हे हवं होतं, आणि आई ते नेमकं तोंडात घास असताना विचारायची. पत्रकार तर पहिला प्रश्न पूर्ण व्हायच्या आत पुढच्यावर यायचे. आपण जिंकलो ते मागे कधी गेलं, हेच तिला कळलं नव्हतं. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर एकानं विचारलं होतं, आता तिसरी कधी? अंडं अजून तिच्या काट्यावर होतं. लहानपणी असं नव्हतं. लहानपणी पुढे म्हणजे फक्त पुढचं ग्रीन असायचं, भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. बाबा मैदानाचे मुख्य माळी होते. उजाडायच्या आत ते अठरा ग्रीनवरून फिरायचे, कालचं भोक मातीच्या गोळ्यानं बुजवायचे आणि दोन मुठींच्या लोखंडी नळीनं दुसरीकडे नवं पाडायचे. हे रोज करावं लागतं. भोक एकाच जागी राहिलं तर तिथे पावलं पडून पडून गवत तुडवलं जातं. ती पाण्याचा डबा घेऊन मागे असायची. बुजवलेल्या गोळ्यावर पाणी घालायचं काम तिचं. मैदानावरचे लोक तिला खुंटी म्हणायचे, चेंडू ज्या लाकडी खुंटीवर ठेवतात तिच्याएवढीच होती म्हणून. नवं भोक पाडलं की बाबा खिशातून एक जुना चेंडू काढायचे आणि म्हणायचे, घाल बघू, नीट पडलंय का. ती घालायची. म्हणजे मैदानावरच्या प्रत्येक भोकात दिवसाचा पहिला चेंडू तिचा असायचा, मोठमोठ्या साहेबांच्या आधी. तेव्हा हात कुणाचा आहे, हा प्रश्नच नव्हता.

मैदानाच्या मागच्या फाटकातून ती आत शिरली तेव्हा चार वाजून गेले होते. यंत्रांच्या शेडमध्ये पेट्रोलचा आणि ओल्या गवताचा तोच जुना वास. तिच्या दोन विजयांनंतर मैदानवाल्यांनी निवृत्त बाबांना पुन्हा बोलावून सल्लागार केलं होतं, दाराला पाटी लावली होती. पाटीवर बाबांनी आपला जुना रेनकोट टांगून ठेवला होता. ते मागच्या सरावाच्या ग्रीनवर होते, गुडघ्यावर, सकाळच्या मुलाखतीतला पांढरा शर्ट तसाच, बाह्या वर. नळी जमिनीत घालून पिळत होते.

"कुणाला विचारून सांगितलंत?" ती लांबूनच म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं. "आलीस? पाणी घे आधी."

"पाणी नको मला. पाच जिंकेल म्हणालात. पाच! कुठून आणलात हा आकडा? आणि नाव पक्कं करताना मला एक फोन करावासा नाही वाटला तुम्हाला?"

"मुदत होती आज," बाबा म्हणाले. त्यांनी नळी वर काढली, तिच्यातला मातीचा गोळा तळहातावर घेतला, जपून, आणि बाजूला ठेवला. "कुणीतरी करायला पाहिजे होतं."

"मी होते ना! मी मेले होते का?"

तिचा आवाज फाटला. पलीकडे चेंडू मारत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या सदस्यानं इकडे पाहिलं आणि सभ्यपणे पाठ वळवली. तिला त्या सभ्यपणाचाही राग आला. तिनं सगळं सांगून टाकलं: डॉक्टर, वेटोळं, सुई, अंगठा, पाच फुटांची युक्ती. दम खात नव्हती. बाबांच्या चेहऱ्यावर आता काहीतरी कोसळेल आणि आपल्याला बरं वाटेल, असं तिला वाटत होतं. सोळा महिने एकटीनं वाहिलेली ही गोष्ट बाबांच्या अंगावर टाकायची होती, आणि ती टाकायला ती बसनं चाळीस मिनिटं आली होती.

बाबा ऐकत राहिले. हं-हं नाही केलं. मग म्हणाले, "कडेवरून फिरून पडला होता ना? त्या दिवशी?"

ती एक पाऊल पुढे आली.

"मी प्रेक्षकांच्या दोरीपाशी होतो. सगळे नाचत होते. मी तुझा अंगठा बघितला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"सोळा महिने?"

"तू काही बोलली नाहीस. म्हटलं, बोलायचं नसेल तुला."

"आणि टीव्हीवर जाऊन पाच म्हणालात! माहीत असून!"

"टीव्हीवाले मला विचारत होते तोवर तुला विचारत नव्हते," बाबा म्हणाले. नळीच्या टोकाची माती ते अंगठ्यानं पुसत होते. "मी काहीतरी मोठं बोललो की जायचे निघून."

हे ऐकून तिचं मन विरघळायला हवं होतं. नाही विरघळलं. उलट आतून असा काही संताप उसळला की तिला बाबांचा चेहराच नीट दिसेना. म्हणजे एवढी वर्षं ज्या एका माणसाचा अजून विश्वास आहे असं तिला वाटत होतं, ज्याच्या त्या मूर्ख भाबड्या विश्वासावर चिडत चिडत ती रोज सकाळी उठून सरावाला जात होती, त्याचाही नव्हता. तो पहिल्याच दिवशी संपला होता. एकतीस टक्केवाला तो जाणकार निदान तोंडावर बोलत तरी होता. "मला राखत होतात?" ती म्हणाली. "मी काय तुमचं गवत आहे, दोरी बांधून पाटी लावायला? एकदा, एकदाच मला म्हणायचं होतंत, दिसलं मला! मी वेडी झाले नाही एवढं तरी कळलं असतं! हॉटेलांच्या बाथरूममध्ये दार लावून मी या हाताला मारलंय, बाबा. याच हातानं या हाताला." कुठला हात कुठल्याला, हे सांगताना ती गोंधळली आणि त्यामुळे आणखी चिडली.

बाबा उठले. गुडघे झटकले. खिशातून चेंडू काढून त्यांनी नव्या भोकापासून दोन फुटांवर ठेवला आणि शेडच्या भिंतीला टेकवलेला एक जुना पटर आणून तिच्या हातात दिला. "दाखव," ते म्हणाले.

ती उभी राहिली. मघाशी पाणी मारलेलं गवत अजून चपचपीत होतं. कुणी बघत नव्हतं, करंडक नव्हता, दोरी नव्हती, फक्त बाबा आणि त्यांचे मातीचे हात. तिनं पटर चेंडूमागे टेकवला. अंगठ्यात तो जागा झाला. आला, तिला कळलं, इथेही आला, घरी. तिनं पटर उचलला, परत टेकवला. परत उचलला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "दिलं."

दोघांच्या सामन्यात असा रिवाज असतो. समोरच्याचा चेंडू अगदी जवळ असला, तो घालणारच याची खात्री असली, की आपण म्हणायचं, दिलं. मग तो न मारताच पडला असं धरतात आणि चेंडू उचलतात. साहेब लोक एकमेकांना ढिगानं द्यायचे. बाबांनी तिला कधीच दिलं नव्हतं. सात वर्षांची होती तेव्हा वीतभर अंतर होतं, तरी नाही. ती रडली होती, तरी नाही. घाल, मग पुढे जाऊ, एवढंच म्हणायचे. सव्वीस वर्षांत एकदाही न उच्चारलेला तो शब्द त्यांनी आज उच्चारला, तोही ती घालणार याची खात्री म्हणून नव्हे.

तिनं फटका मारला. रागानं, जवळजवळ डोळे मिटून. अंगठा उडाला. चेंडू भोकाच्या उजवीकडून गेला तो पार चार फूट पुढे जाऊन थांबला. अंतर दोन फुटांचं होतं आणि आता चार झालं होतं. म्हाताऱ्या सदस्याची पाठ हललीसुद्धा नाही.

"बघितलंत?" ती ओरडली. "झालं समाधान?"

"दिलं म्हटल्यावर मग तो गेला का नाही गेला, धरत नाहीत," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज टीव्हीतल्यासारखा नव्हता. "पडला असंच धरतात. नियम आहे."

"तिकडे कुणी देत नाही, बाबा. तिकडे प्रत्येक चेंडू घालावा लागतो."

"मग नको जाऊस." बाबांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला. "पाच वाजायला वीस मिनिटं आहेत. मी सांगतो त्यांना. ताप आलाय म्हणतो."

तिनं त्यांच्या हातातून फोन हिसकावून घेतला. फोनच्या काचेला माती लागली होती. ती तिनं आपल्या कुर्त्याला पुसली आणि स्पर्धेच्या कचेरीचा नंबर लावला. पलीकडे एक कारकून बाई होत्या, त्यांच्यामागे छपाईच्या यंत्राचा आवाज येत होता. हिनं स्वतःचं नाव सांगितलं. बाई एकदम फार गोड बोलू लागल्या. नाव काढायचंय, ती म्हणाली. हो, मीच बोलतेय, प्रतिनिधी नाही. आणि प्रतिनिधीचं नावही काढा, आजपासून.

बाबांनी मान खाली घातली. तिनं ते पाहिलं आणि थांबली नाही.

"कारण काय लिहू? ताप, पाठ, कौटुंबिक...?" बाईंकडे यादी तयार होती.

"दोन फुटांवरून चेंडू घालता येत नाही मला."

"असं... असं कसं लिहू, मॅडम?"

"जसं सांगितलं तसं. हात उडतो. सोळा महिने झाले. डॉक्टर म्हणतात हात उत्तम आहे. लिहा."

बाईंनी लिहिलं असावं. बटणं वाजल्यासारखी वाटली. प्रतीक्षायादीतली पहिली खेळाडू तिच्या जागी येईल, असं त्यांनी सांगितलं. कुणीतरी एकोणीस वर्षांची होती. मग, फोन ठेवता ठेवता, "एकच राहिलं, मॅडम. माजी विजेत्या म्हणून तुमची जागा अजून चार वर्षं राखीव आहे. फॉर्मात रकाना आहे. पुढच्या वर्षी येणार का? हो लिहू का नाही?"

बाबांनी सवयीनं तोंड उघडलं. फोनमधला आवाज त्यांनाही ऐकू गेला होता. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं, खणखणीत, कुठलं तरी एक. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि बाबांनी तोंड मिटलं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"पण इथे हो किंवा नाही असंच..."

"माहीत नाही," ती पुन्हा म्हणाली. आता तिचा आवाज चढलेला नव्हता, पण राग होता तेवढाच होता, आणि सोळा महिन्यांत पहिल्यांदाच तो तिला स्वतःचा वाटला. "रकान्याच्या बाहेर लिहा. माहीत नाही."